रामटेकेकाकांचं पाचाचं बटण

रामटेकेकाका कॅल्क्युलेटर आधी कानाला लावायचे. दुकानदाराने खोकं उघडून नवं यंत्र पुढे केलं, की ते उचलून उजव्या कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि अंगठ्याने एकेक बटण दाबत जायचे. जयपूरच्या 'चौडा रस्ता' बाजारातला एक दुकानदार एकदा माझ्यादेखत म्हणाला, "बाबूजी, ये रेडियो नहीं है." काका मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "वही तो देख रहा हूँ भैया, कुछ बोलता ही नहीं." मग यंत्र काउंटरवर ठेवून माझ्याकडे वळले. "चला शिंदेबाई. मुकं हाये."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याची आणि माझी, दोघांचीही नोकरी रेल्वेतली. बदली घेऊन आम्ही पुण्याहून जयपूरला आलो होतो. इंजिनिअरिंगच्या ऑफिसात मी ट्रेसर होते, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले नकाशे शाईने उतरवायचे. काका तिथले हेड ड्राफ्ट्समन. मूळचे भंडाऱ्याचे, पण नोकरीची बहुतेक वर्षं राजस्थानात गेलेली. माझी मुलगी तीन वर्षांतच मराठी बोलताना दर वाक्यात 'मतलब' घालायला लागली होती. काकांच्या बोलीला मात्र इतक्या वर्षांत धक्का लागला नव्हता. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरवर जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर लोक आल्बम दाखवतात. काकांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली.

पेटीत सतरा कॅल्क्युलेटर होते. सगळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे, जाडजूड, वीटभर वजनाचे, काळ्या काचेत लाल आकडे पेटणारे. जोहरी बाजारातले जवाहिरे बाहेरदेशी जाऊन यायचे तेव्हा अशी यंत्रं आणायचे. नवं आलं की जुनं कपाटात पडायचं. काका त्यांच्याकडे जाऊन, चहा पिऊन, गोड बोलून ती मिळवायचे, घड्याळवाल्याकडून दुरुस्त करून आणायचे. सुलोचनाकाकूंनी प्रत्येकाला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती. "यांच्या लेकी हाये ह्या," काकू म्हणाल्या, "माझ्या पोरीले स्वेटर नाही विनला कधी, पन यांच्या लेकींले झबलं पायजे." काकांनी त्यातला एक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "दाबा." मी सात दाबला. टक्क झालं. नुसता आवाज नाही, बटण खाली जाऊन बोटाला हलकेच परत ढकलत होतं.

"समजलं?" काका म्हणाले. "काचेवरचं उत्तर मागून. आधी बोटाले उत्तर भेटलं पायजे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाजारात नवीन काही आलं की ते मोठ्या आशेने बघायला जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. पत्र्यासारखे पातळ कॅल्क्युलेटर आले, तेव्हा म्हणाले, "खिशात ठेवून बसलो तं पापड होते याचा." मग दर बटणाला सूर काढणारे आले. ते पाहून तर त्यांना रागच आला. "मले बेरीज करायची हाये. हे वाजून काहून राह्यलं? लग्न हाये का कोनाचं?" मी हसायचे. मला त्यांची ती निराशा जरा लाडिकच वाटायची. आकडे बरोबर येतात ना, मग बटण टक्क वाजो की न वाजो, असं माझं मत होतं आणि मी ते त्यांना ऐकवायचेही. त्यावर ते म्हणायचे, "तुम्ही डोळ्यानं हिशेब करता, शिंदेबाई."

ते खरंच डोळ्यांनी करत नसत. काकांचं मुख्य काम होतं वळणांचं. रूळ वळतात तिथे गाड्यांच्या धक्क्यांनी ते जागचे हलतात. माणसं जाऊन दोरी ताणतात, दोरी आणि रूळ यांच्यातलं अंतर दर दहा मीटरवर मोजतात आणि मापांची लांबलचक यादी ऑफिसात येते. त्या यादीची बेरीज, मग बेरजांची बेरीज करून कुठे रूळ किती सरकवायचा ते काढायचं. काका डावं बोट यादीवर ठेवत, नजर यादीवरून हलू देत नसत, आणि उजव्या हाताने बटणं दाबत खाली येत. काचेकडे बघायचं ते एकदम शेवटी. कागदावर 'हिशेब करणार' म्हणून त्यांची सही आणि 'तपासणार' म्हणून माझी. मग तो कागद घेऊन मजुरांची गँग रूळ सरकवायला जायची.

त्या उन्हाळ्यात ऑफिसने जुनी यंत्रं जमा करून घेतली आणि सगळ्यांना नवे कॅल्क्युलेटर दिले. राखाडी, हलके, रबराच्या बटणांचे. काकांनी आपला कानाला लावला आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "घरून एखादा आणा की तुमच्या लाडक्यांपैकी." ते म्हणाले, "नाही जी. सरकारी काम सरकारी यंत्रावर." पेटीतला एकही कॅल्क्युलेटर त्यांनी कधी ऑफिसात आणला नव्हता. हट्टी माणूस! ज्या यंत्राला नावं ठेवायची, त्यावरच निमूटपणे काम करायला बसले.

मे महिन्यात मला त्यांच्या हिशेबात पहिली चूक सापडली. मी तीनदा तपासली, कारण काकांची चूक म्हणजे माझी चूक असणार अशी माझी खात्री. पण होती त्यांचीच. चार दिवसांनी दुसरी, मग तिसरी. आता मी काय करायला हवं होतं? सरळ जाऊन सांगायला हवं होतं. मी ते केलं नाही. या माणसाला चूक दाखवायची मला लाज वाटली. मी गुपचूप खोडरबर घेतलं, त्यांच्या अक्षरासारखा आकडा काढून दुरुस्त केला आणि सही ठोकली. मला वाटलं, मी फार मायेने वागले.

पुढच्या आठवड्यात चौमू स्टेशनच्या पुढच्या वळणाची यादी आली. दोन दिवसांत गँग निघणार होती. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर तापल्या वाऱ्याची लू चालली होती, कूलरच्या वाळ्याचा वास सुटला होता आणि बाकीचे चहाला गेले होते. काकांनी मला टेबलाशी बोलावलं, खण उघडला आणि एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मुदतीआधी निवृत्ती मिळावी म्हणून अर्ज होता. कारण: प्रकृती.

"भाषा पाहून द्या जरा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, हे काय?"

"तुम्हाले माहीत नाही? माह्या कागदावर तुमचं खोडरबर फिरते अन् मले दिसत नाही का?" आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "चूक दिसली तं सांगायची. तुम्ही लपवली, तवाच मी समजलो. लोकाइले आपली दया यायले लागली, म्हनजे संपलं."

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील रेल्वेतच गँगमन होते. साठीच्या आसपास त्यांचं डोकं जायला लागलं. आधी फक्त दुपारी. सकाळी अगदी ठणठणीत, दुपारी पोरांची नावं विसरायचे. मग सकाळही गेली. शेवटी काकांनाच विचारायचे, तुम्ही कोणत्या स्टेशनचे? "माहं बी दुपारीच होते," काका म्हणाले. "एकच यादी तीनदा केली, तीन उत्तरं आली. सकाळी करतो तं बरोबर."

मी घाबरून म्हटलं, "यंत्राचा दोष असेल." मला स्वतःलाच ते पटलं नव्हतं; ते यायच्या आधी एका सकाळी मी त्यांचा कॅल्क्युलेटर माझ्या टेबलावर आणून तपासला होता, तो अगदी नीट चालला होता.

काका हसले. "शिंदेबाई, सकाळी बरोबर अन् दुपारी चूक, असं यंत्र नसते. असा मानूस असते. मी पाह्यला हाये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी म्हटलं, "ही यादी आपण दोघं मिळून करू. तुम्ही करा, मी बसते समोर." त्यांनी डावं बोट यादीवर ठेवलं. टेबल पश्चिमेच्या खिडकीशी होतं, त्यांना उजेड लागायचा म्हणून, आणि ऊन सरळ कॅल्क्युलेटरवर पडलं होतं. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता, म्हणून मी काचेकडे बघत बसले. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. ओठांतल्या ओठांत त्यांनी बावन्न म्हटलं, बोट पाचावर गेलं, दोनावर गेलं, आणि काचेवर उमटले नुसते दोन.

"काका, थांबा."

ते दचकले. "चुकलो?"

"नाही. पाच दाबा."

त्यांनी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला, काही नाही. तिसऱ्यांदा पाच उमटला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकांनी ते बटण नखाने उचकून पाहिलं. उन्हाने रबर मऊ पडून चिकटलं होतं, बोट उचललं तरी ते वर येत नव्हतं. सकाळी थंड असताना ठीक, तीनच्या उन्हात लुळं. त्या दुपारी काकांनी पाचाचं बटण किती वेळा दाबलं असेल, देव जाणे. दाबायचे, काचेकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाही लागला! पाहा, नाही लागला!" चष्मा काढून टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि माझ्यासमोर तो बाणेदार माणूस ढसाढसा रडला. मीही रडले. चहाहून परतलेला ऑफिसातला वर्मा दारातच थांबला, आम्हाला पाहून पाय न वाजवता परत गेला.

"मी म्हनत नव्हतो?" रुमालाने तोंड पुसत काका म्हणाले. "बोटाले उत्तर भेटलं असतं, तं मले पयल्याच दिवशी कळलं असतं."

मग त्यांनी यंत्र बाजूला सारलं, अर्ज उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर चौमूच्या वळणाची सगळी बेरीज पेन्सिलीने, हाताने केली. मी माझ्या कॅल्क्युलेटरवर, प्रत्येक आकडा काचेवर बघत, तपासली. एकही चूक नव्हती. गँगला कागद वेळेवर गेला, आणि त्या वळणावरून गाड्या नीट धावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कांद्याच्या कचोऱ्यांची टोपली घेऊन आले. लोक विचारत, "किस खुशी में, रामटेकेजी?" काका तोंडभर हसून सांगत, "नया कैलकुलेटर खराब निकला!" काकूंनी मला नंतर सांगितलं, की आदल्या संध्याकाळी ते दारातूनच ओरडत आले होते, "सुलोचना, यंत्र बिघडलं वं! यंत्र बिघडलं!" आणि रात्री बुद्धमूर्तीपुढे बराच वेळ बसून राहिले. नव्या यंत्रांनी आयुष्यभर निराश केलेल्या माणसाला एका नव्या यंत्राने असं सुख दिलं. आणि मी? मला माझ्या मायेची शरम वाटली. त्यानंतर कुणाचीही चूक मी गुपचूप खोडली नाही. वाईटपणा घेते, पण सांगते.

काका पूर्ण मुदतीने, आणखी दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत होती. त्यांनी घड्याळ नको म्हटलं. मोडीत काढलेल्या सामानाच्या यादीत तो राखाडी कॅल्क्युलेटर होता, तेवढा मागून घेतला. काकूंनी त्याला पिशवी शिवली, तीही जुन्या लुगड्याची नव्हे, लग्नातल्या कोसा रेशमाच्या शालूची.

जून महिन्यातली दुपारची गाडी होती. मी स्टेशनवर पोचवायला गेले. सतरा जुन्यांची पेटी काकूंच्या पायाशी होती, अठरावा काकांच्या हातात. त्यांनी मला पाया पडू दिलं नाही. "तब्येत सांभाळा," म्हणाले, "अन् हिशेब डोळ्यानंच करा, तुमच्या बोटाइचा काही भरवसा नाही." गाडी हलली. खिडकीतून हात हलवता हलवता त्यांनी तो कॅल्क्युलेटर पिशवीतून काढून उन्हात धरला, अंगठ्याने दाबला, काचेकडे बघितलं आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असे ओरडले,

"शिंदेबाई! पाच अजून बी लागत नाही!"