खुर्चीत बसण्याआधी

तिने दातांच्या डॉक्टरांना वेबसाइट करून देऊन चार महिने झाले, तरी पैशांचं नाव काढलं की ते म्हणत, "बघू पुढच्या आठवड्यात." शेवटी तिने लॅपटॉप उचलला आणि त्यांच्याच दवाखान्यात पेशंटच्या बाकावर ठाण मांडून दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामं सुरू केली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर वैतागून बाहेर आले. "अहो मॅडम, माझ्यावर विश्वास नाही का?"

तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'खुर्चीत बसण्याआधी फी भरावी.'

"तुमचा तरी पेशंटवर कुठे आहे?"

बाकावर शेजारी बसलेले, गाल सुजलेले आजोबाही खुदकन हसले. डॉक्टरांनी मुकाट्याने मोबाइलवरून सगळे पैसे पाठवले आणि ते म्हणाले, "आता अपॉइंटमेंटचं पान तेवढं आजच करून द्या."

"देते की," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. "फी भरा, मग मी खुर्चीत बसते."