गोलामागचे मामा

गोलमामा हॉकीची मॅच कधीच बाजूला बसून बघत नसत. समोरच्या संघाच्या गोलामागे छत्री टेकून उभे राहत. हाफटाइमला बाजू बदलल्या की आम्ही लिंबं चोखत असताना हे एकटेच आख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या गोलामागे जात. लोक हसत. मामा म्हणत, "आपली पोरं जिथे पोचायची, तिथे आपलं कुणीतरी आधी नको का?"

मामा बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पनवेलात तेलाचा घाणा चालवायचे. मूलबाळ नव्हतं, मामीही लवकर गेल्या. रविवारच्या मॅचवर त्यांचा आठवडा निघायचा. त्यातही सारा जीव आमच्या सेंटर फॉरवर्डवर, जासईच्या मिठागरवाल्यांच्या पोशावर. गोल मारला की पोशा आधी मामांकडे धावायचा. "तुमी मागं उभं असलं का मला दुसरं काय दिसतच नाय," म्हणायचा.

मग मुंबईच्या एका गिरणीने पोशाला नोकरी देऊन आपल्या संघात घेतलं आणि बदल्यात त्यांचे दोन खेळाडू आम्हाला दिले. एकाच्या जागी दोन! गावाने पेढे वाटले. मी तेव्हा लेफ्ट हाफला खेळायचो; मीही वाटले. मामांनी पेढा हातात धरून विचारलं, "बाजारात बैलसुद्धा जोडी बघून देतात रे. तुम्ही काय बघितलंत?"

ते दोघे पाहुणे एका मोसमातच कंटाळून परत गेले. गोल आटले, गर्दी आटली. आजही एसटी स्टँडवर आमच्या वेळचे म्हातारे भेटले की त्या अदलाबदलीवरून हमरीतुमरीवर येतात.

मामांचं दुःख वेगळंच. गिरणीच्या मॅचेस शनिवारी. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. घाणा बंद, चूल बंद, वाहनात पाय ठेवायचा नाही. मुंबईला जायचं कसं? एका शनिवारी पोशा गिरणीची गाडी घेऊन दारात आला. "मामा, फायनल हाय. येक डाव चला."

मामा दाराला धरून उभे राहिले. "तू गिरणीला शब्द दिलायस, मी देवाला. जा, उशीर होईल."

गाडी गेली तसे मामा चालत मैदानावर गेले आणि रिकाम्या गोलामागे उभे राहिले. पुढे दर शनिवारी तेच. मी विचारलं तर म्हणाले, "मॅच सुरू झाली असेल."

भाऊबंद इस्रायलला निघाले तेव्हा मामाही गेले. मागे राहून करायचं काय? एसटीत चढताना म्हणाले, "पोशाला एकदा तरी गिरणीकडून खेळताना बघायचं होतं." तिकडेच वारले.

पुढे गुडघा मोडून पोशा गावी परतला, तेव्हा मी त्याला मामांच्या शनिवारांबद्दल सांगितलं.

"मी क्याप्टन व्हतो रं," तो म्हणाला. "मॅच कंच्या वारी ठेवायची, ते मलाच इचारीत. शनवार सोडून आयतवार मागितला असता तर दिला असता. माज्या कदी ध्यानातच आलं नाय."