आधी चाटून पाहा

"ताई, आधी चाटून पाहा," असं म्हणत आमचे मिस्त्री भाजी चिरायची नवी फळी गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरायचे. गिऱ्हाईक मागे सरकलं की स्वतःच फळीवरून जीभ फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालते." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी कुठल्याच लाकडाला दिली नाही.

अकोल्यात जठारपेठेत माझा जेवणाच्या डब्यांचा धंदा आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सुतारकामाचं दुकान. पहिल्यांदा गेले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "छान चकचकीत पॉलिश मारून द्या."

"पॉलिश खाता काय तुमी?"

"मी कशाला खाऊ?"

"सुरी चालली का ते भाजीत उतरते. मंग?"

पॉलिशचा नाद सोडून मी बिनपॉलिशची फळी सांगितली.

ज्या झाडाचं आपण खातो त्याचंच लाकूड, असा त्यांचा हट्ट. चिंच सगळ्यांत लाडकी. मालाच्या खोक्यांच्या फळ्या फुकट मिळाल्या तरी घेत नसत. "इच्यावर काय काय सांडलं असन, कोणाले मालूम?" तेल लाकडी घाण्यावरचं, जवसाचं. पातळ हात द्यायचा, उन्हात वाळवायचं, पुन्हा हात. महिना जायचा. एकदा मी घाईने घरातलं शेंगदाण्याचं तेल चोपडलं, तर काही दिवसांतच फळी चिकट आणि खवट. "लाकडाले फोडणी देता काय, ताई?" म्हणाले. गल्लीभर हसं झालं माझं.

मग त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. मीठ कळेना, कारलं कळेना. त्यांची लेक मला म्हणाली, "काकू, बाबा फळ्या बंद करतो म्हणतात. चाखल्याबिगर कोणाले देनार नाही म्हणतात." मला फार वाईट वाटलं. एवढा बोलका माणूस, दुकानात नुसता बसून राहायचा.

एक दिवस स्वतःच माझ्या स्वयंपाकघरात आले. हातात वरूडहून आणलेल्या जुन्या संत्र्याच्या झाडाची फळी, महिनाभर खपून केलेली. "तुमी चाखा, ताई. मले कळून नाही राहिलं."

मी जीभ लावली. कडू! देवाशपथ सांगते, 'छान आहे' असं म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण याच फळीवर मी लोकांची भाजी चिरणार होते.

"कडू आहे हो, मिस्त्री."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. "बागेत रोग नको म्हणून खोडाले मोरचूद आन् चुना फासतात, ते आत मुरते. साल काढली म्या, पन वरचं लाकूड कमी तासलं." आणि चक्क हसले. "जाऊ द्या. जीभ तं सापडली!"

त्या फळीचा त्यांनी बसायचा पाट केला. पुढची दोन वर्षं त्यांची प्रत्येक फळी माझ्या ओट्यावरून पास होऊन गेली. शेजारणी म्हणायच्या, हिला काय झालंय, लाकडं चाटत बसते.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. दुकान आता बंदच होणार, असं मी धरून चालले होते. परवा त्यांची लेक आली. ओढणी कमरेला बांधलेली, केसांत भुसा, हातात चिंचेची फळी. तिने एकटीने केलेली पहिलीच.

"काकू, आधी चाटून पाहा."

मी जीभ फिरवली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

पोर घाबरली. "काऊन? कडू लागली काय?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "चालते."