निकाल लागेपर्यंत मासे

माझ्या बी.एस्सी.साठी आईनं मासे सोडले होते. मी पास झाले तर पुन्हा मासा तोंडाला लावणार नाही, असा नवस ती माधवगंजातल्या देवीला बोलली होती आणि निकालाच्या संध्याकाळपासून तिनं तो पाळला. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले, वडील मात्र डबऱ्याला एका गोदामावर चौकीदार होते आणि मी तिथल्याच हिंदी शाळेत शिकले. आईला हौस म्हणावी अशी एकच गोष्ट होती, सरसोंच्या तेलात तळलेला रोहू. डोक्याचा तुकडा ती कुणालाच देत नसे. मी शाळेत विज्ञान शिकवते, नवसानं गुण वाढत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तिच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते तिनं माझ्यासाठी दिलं. त्याची जाणीव मला रोज असते.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे थाटीपूरच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. मधुमेह जुनाच होता. विसरणं मागून आलं, तेही हळूहळू. फूलबागेत फिरायला नेलं की परतताना ती विचारी, ‘आता कुठे जायचं?’ मग एकदा स्वतःच्याच हातातली पिशवी उचलून म्हणाली, ‘ही कुणाची राहिली?’

डॉक्टर समजुतीनं बोलले. जुन्या मधुमेहात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, साखर ताब्यात ठेवणं सर्वांत महत्त्वाचं, असं त्यांनी सांगितलं. माशाच्या तेलाचा स्मरणशक्तीला उपयोग होतो असं काही जण म्हणतात, काहींना तो दिसत नाही. ‘खात्री देत नाही. पण मासे खात असतील तर खाऊ द्या. नाहीतर ही कॅप्सूल देऊन बघा.’

आईनं ती पिवळी कॅप्सूल खिडकीच्या उजेडात धरली. ‘हा माशाचा डोळा आहे,’ ती म्हणाली, ‘बघतोय माझ्याकडे.’ आणि परत ठेवून दिली.

माधवगंजात राहणारी मावशी त्या दिवशी आली होती. ‘ताई, दवा समझ के खा ले ना. देवी काय डॉक्टरशी भांडणार आहे?’

‘तू गप. तुझा पोरगा दहावीत नापास झाला तरी तू मटण सोडलं नाहीस.’

‘म्हणून तर नापास झाला!’

दोघी खूप हसल्या. कॅप्सूल मात्र डबीतच राहिली.

यंदाच्या जूनमधली गोष्ट. बाहेर लूच्या गरम झळा चालू होत्या, पडदे ओढलेले, कूलरचा एकसुरी आवाज. आई जेवायला बसली आणि ताटाकडे बघत राहिली.

‘आज मासे का नाही आणलेस?’

‘आई, तू मासे खात नाहीस. तुझा नवस आहे.’

‘आहे ना. पण तो निकाल लागल्यावर. लागला का?’

‘लागला, आई. केव्हाच लागला. मी पास झाले.’

लहान मुलाची थाप ऐकावी तशी ती हसली. ‘लागला असता तर मला कळलं नसतं?’

मी मावशीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तिच्या लेखी नवस अजून लागूच झालेला नाही. देवीनं तिचं ऐकावं की तुझं? आण मासे. पोट भरून खाऊ दे.’ आणि फोन ठेवता ठेवता गमतीनं म्हणाली, ‘पर एक बात बता, तू पास झालीस ना नक्की?’ मी हसणार होते, पण हसू आलं नाही. पलीकडून तिचंही नाही.

मी मुरारच्या बाजारातून रोहू आणला. इतक्या वर्षांनी आईच्या बोटांना काटे जसेच्या तसे आठवत होते. कॅप्सूलही ती आता न बोलता घ्यायची. त्या डोळ्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं.

बाहेरच्या खोलीत माझा एक फोटो आहे, पदवीच्या दिवशीचा, भाड्याच्या काळ्या गाऊनमधला. आई त्याच्यासमोर उभी राहू लागली.

‘ही बाई कोण?’

‘मीच की.’

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. ‘तू नाहीस. तू अजून तिथवर गेली नाहीस.’ मग हळू आवाजात म्हणाली, ‘जेवताना माझ्या ताटाकडे बघते ती.’

दुसऱ्या दिवशी फोटोवर गमछा टाकलेला होता. मी सकाळी काढायची, दुपारी तो परत तिथंच. एकदा मी काढला आणि जेवायला बसले, तेव्हा माझ्याच लक्षात आलं की मी खुर्ची फिरवून फोटोकडे पाठ केली आहे. शाळेतही काहीतरी होऊ लागलं. फळ्यावर आकृती काढताना कुणी दारातून ‘मॅडम’ म्हणून हाक मारली की क्षणभर मला वाटायचं, निकाल लागला. भर दुपारी, पोरांनी भरलेल्या वर्गात.

पावसाळा सरता सरता आई सुधारू लागली. दूधवाल्याचं नाव, सकाळची गोळी कोणती आणि संध्याकाळची कोणती, गल्लीच्या टोकाला जाऊन परत येणं, एकेक गोष्ट तिला पुन्हा जमू लागली. साखरही उतरली होती. डॉक्टर म्हणाले, श्रेय कशाला द्यायचं ते सांगता येणार नाही, जे चाललंय ते चालू द्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण प्रत्येक परत आलेल्या आठवणीबरोबर मला भीती वाटायची. ज्या दिवशी तिला माझी पदवी आठवेल, त्याच दिवशी नवस मोडल्याचंही आठवेल. तिला बरं करण्यासाठी मी जे ताटात वाढत होते, ते लागू पडलं की तेच तिच्या घशात अडकणार होतं.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मावशी जेवायला होती. बोलता बोलता आईचा हात थांबला. तिनं मान वर केली आणि कितीतरी दिवसांत न ऐकलेल्या जुन्या, सरळ आवाजात म्हणाली, ‘तू मॅडम आहेस. शाळेत शिकवतेस.’

‘हो, आई.’

तिनं तोंडातला माशाचा घास काढून ताटाच्या कडेला ठेवला. ‘हे कधीपासून?’

‘उन्हाळ्यापासून.’

‘ताई, विसरून खाल्लं ते खाल्लं धरत नाहीत,’ मावशी घाईघाईनं म्हणाली.

‘ते तू ठरवणार?’

आई उठली, हात धुतला आणि ओला तळवा माझ्या कपाळावर ठेवला, ताप बघावा तसा. खूप वेळ ठेवला. मला खरंच अंगात कसकस वाटू लागली.

‘आता बदल्यात काय देऊ?’ ती मावशीकडे वळून म्हणाली. ‘साखर डॉक्टरनं सोडवली, भात हिनं सोडवला.’

मावशीला हसू फुटलं आणि लगेच थांबलं, कारण आई देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली होती. शेजारणीशी व्यवहाराचं बोलावं अशा सुरात ती म्हणाली, ‘हिची पदवी हिच्याजवळ राहू दे. मला तेवढी आठवण नको. ती तू ने.’

‘आई, नको. असं काही मागू नकोस.’

‘तुझं काय जातंय? पदवी तुझीच राहते.’

मग ती आत जाऊन झोपली. मी आणि मावशीनं ताटं उचलली. उठल्यावर आईनं चहा मागितला, मावशीला अजून थांबलेली बघून खूश झाली, आणि मला विचारलं, ‘निकालाचं काही कळलं?’

त्यानंतर तिची सुधारणा थांबलेली नाही. मावशीच्या पोराचं नापास होणंही तिला आता तारखेसकट आठवतं. माझी पदवी तेवढी नाही. डॉक्टरांनी तपासताना विचारलं, ‘मुलगी काय करते?’ आई म्हणाली, ‘शिकते. हुशार आहे.’ मी त्यांना तो रविवार सांगितला. आठवणी सारख्या जात नाहीत आणि सारख्या येतही नाहीत, मेंदूचं तसंच असतं, असं ते म्हणाले. ते बरोबर आहे. मीही मुलांना असंच सांगेन.

पण तिच्यासमोर बसले की मला फार सांगावंसं वाटतं, की मी पास झाले, तुझ्यामुळे झाले. घरातली पहिली. तिनं हे एकदा ऐकावं आणि मानावं, एवढंच. सांगत नाही. मानलं तर तिचा घास थांबेल, आणि मग देवीला द्यायला ती आणखी काय शोधून काढेल, कोण जाणे.

ती काटे काढून तुकडा माझ्या ताटात ठेवते. ‘कधी लागणार गं निकाल?’

‘लागेल, आई,’ मी म्हणते. ‘तू जेव.’