आग्नेयेचं किचन

मी किचन नसलेलं घर विकत घेतलं. पूर्ण शुद्धीत होतो. सकाळची वेळ होती आणि समोर चहा होता.

मुळात घर हवं होतं ते किचनसाठीच. अमेरिकेत, नोव्हायमधल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलायचा. त्यामुळे बायकोने फोडणीची पळी उचलली की मी टॉवेल उचलायचो आणि अलार्मखाली उभा राहून गरगर फिरवायचो. घरात माझं तेवढंच एक मानाचं काम. "मला बेसमेंटमध्ये थिएटर नको, काही नको," बायको म्हणायची, "फक्त असं किचन दे, जिथे फोडणी देताना तू नसशील."

हप्ते थकले की बँक घर ताब्यात घेते आणि लिलावात काढते, अशी घरं स्वस्तात मिळतात, हे मला ऑफिसच्या लंचमध्ये कळलं आणि मी लगेच त्यातला जाणकार झालो. एकच अडचण होती. लिलावाआधी आत पाऊल ठेवता येत नाही. बाहेरून दिसेल तेवढं बघायचं आणि आहे तसं घ्यायचं.

एक घर हेरलं. बघायला निघालो तेव्हा बायको मीटिंगमध्ये होती. माइक म्यूट करून एवढंच म्हणाली, "किचन नीट बघ हं."

मी गुडघाभर गवत तुडवत मागच्या बाजूला गेलो. किचनच्या खिडकीचे ब्लाइंड्स बंद होते. मग मी फोनवरचं होकायंत्र काढलं आणि ते हातात धरून स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागलो. शेजारच्या घराच्या लाकडी डेकवरून एक गोऱ्या आजी कॉफी पीत बघत होत्या. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी काळजीने विचारलं.

"साऊथ-ईस्ट!" मी आनंदाने ओरडलो. त्या आत निघून गेल्या.

आग्नेय! साक्षात अग्नीची दिशा. मी गाडीतूनच बायकोला फोन लावला.

"किचन बघितलंस?"

"आग्नेयेला आहे!"

"अरे, पण आहे कसं?"

"प्रशस्त."

"शेगडीवर एक्झॉस्ट आहे? धूर बाहेर टाकणारा?"

"असणारच की!"

लिलावात घर मिळालं. चावी हातात आली तेव्हा सासूबाई नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं, म्हणून त्यांनी तिकडून खास पातेलं आणलं होतं. आदल्या दिवशी मी त्यांना इंडियन स्टोअरमध्ये नेलं. तिथे प्रत्येक भेंडीचं टोक मोडून पारखणारा जावई बघून त्या अगदी खूश झाल्या होत्या.

दार उघडलं. किचन आग्नेयेलाच होतं. प्रशस्तही होतं. ओटा नव्हता, शेगडी नव्हती, सिंक नव्हतं, कपाटं नव्हती. भिंतीतून नुसते पाइप डोकावत होते. आधीच्या मालकाने बँकेला घर दिलं होतं, किचन दिलं नव्हतं.

बायको दुधाचं पातेलं धरून मधोमध उभी राहिली. म्हणाली, "ठेवू कुठे?"

मी धावत जाऊन अपार्टमेंटमधून विजेची शेगडी आणली. ती जमिनीवर मांडून सासूबाई समोर मांडी घालून बसल्या. दूध उतू गेलं, शेगडीवर करपलं, खोलीभर धूर झाला. सवयीने मी टॉवेल शोधू लागलो. पण आवाज कुठे होता?

"बघ!" मी म्हणालो. "एवढा धूर झाला, पण अलार्म वाजला नाही. हेच हवं होतं ना तुला?"

बायकोने छताकडे बोट दाखवलं. अलार्मच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या.

सासूबाईंनी पदराने पातेलं खाली उतरवलं आणि लेकीकडे वळल्या.

"यांना भेंडीच आणू देत जा, बाई. घर तू आण."