जावयाचा पासवर्ड

आमच्या पालमच्या फोटो स्टुडिओत क्लाउड आणला तो जावयानं, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्यानं. परभणीत त्याचं कम्प्युटरचं दुकान. आमचे वडील, दादा, त्याचा शब्द खाली पडू देत नसत. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आला, पुरण हाणलं आणि ढेकर देत म्हणाला, “मामा, हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत न्हाई. सगळं क्लाउडवर टाकू.” टाकलं. खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलं, आमच्या कम्प्युटरवर चालू करून दिलं आणि पासवर्ड स्वतःपाशीच ठेवला. दादांनी जुन्या डिस्क पुसून विकल्यासुद्धा.

मी म्हणलं, “दादा, पासवर्ड तरी मागून घ्या.” तर माझ्यावरच खेकसले, “जावयावर संशय घेऊ? अक्कल हाय का तुला?” ज्याला आमच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचा, त्याला पासवर्ड कोण मागणार!

ऐन लग्नसराईत ताई घरी आली. ओठ फुटलेला. परत जाणार नाही म्हणाली. आईनं हळद लावली. सकाळी दुकान उघडलं तर खातं उघडेना, पासवर्ड मागायला लागलं. दादांनी फोन लावला, स्पीकरवर मीही ऐकलं. “मामा, तुमी बायको पाठवा, मी पासवर्ड पाठवतो.”

हरामखोर! लिहितानाही दुसरा शब्द सुचत नाही.

दुकानात नवऱ्यामुलींचे बाप येऊन उभे राहायचे. लग्न लागून गेलं, अल्बम कुठाय? एकानं भर बाजारात दादांची कॉलर धरली. दादांना घास जाईना. शेवटी ताईच उठली. “मी जाते. सगळे फोटो उतरवून नव्या डिस्कमध्ये भरा. भरून झाले की मला घ्यायला या.” दादांनी ‘येतो’ म्हणून मान हलवली. एसटीत बसवायला मी गेले होते. ती खिडकीतून हसली, तेवढ्यानं ओठ पुन्हा चिरला.

पासवर्ड आला. पण आमच्याकडचं नेट ते काय आणि वर लाइट जायची. फोटो उतरता उतरेनात. ताई रोज दबक्या आवाजात फोन करायची, “झालं का गं?” मी म्हणायची, “थोडे राहिलेत बाई, कळ काढ.”

एके दुपारी सगळे उतरले. दादा शेजारीच बसले होते. मी म्हणलं, “चला दादा, परभणीला.”

दादा डिस्क फडक्यात गुंडाळायला लागले. “आता नांदायलीय ना ती? मग राहू दे. चार लोकांत शोभा कशाला?”

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या देखत ताईला फोन लावला. “झालं गं सगळं. बॅग भर, मी निघाले.”

“दादा येणारेत का?”

मी दादांकडे पाहिलं, ते फडक्याला गाठ मारत होते. तिनं फोन ठेवला. ती तिथंच राहिली. आजही फोनवर बोलतो आम्ही, मुलांचं, पाण्याचं, आईच्या गुडघ्याचं. झालं का, असं तिनं परत कधी विचारलं नाही.