दाजींच्या वाट्याचं तूप

वैद्यांच्या टेबलावरून पथ्याचे कागद मी उचलले, मीच वाटले आणि उलटे वाटले. हे आधीच सांगून टाकतो, कारण ताईकडून ऐकलंत तर त्यात माझं वजनही येईल.

दाजी, म्हणजे या ताईचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. दुकान जिन्याखालचं, डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. माणूस मुळात चुळबुळ्या. जेवताना पाय हलवणार, दुसऱ्याचं वाक्य आपणच संपवणार. भिंग लावलं की मात्र पुतळा! तीस वर्षं असं चाललं आणि यंदा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही. महिनाअखेरपर्यंत हात थांबला नाही तर दुकान बंद, असं दाजींनी जाहीर केलं आणि ताईची झोप उडाली.

म्हणून मी त्यांना वैद्यांकडे नेलं. सोबत गेलोच होतो, तर माझीही नाडी दाखवली. वैद्य बोलत नाहीत. नाडी, जीभ, दोन प्रश्न झाले की कागद. त्यावर नाव नाही, नुसतं काय खा, काय खाऊ नका. "तीन आठवड्यांनी या," एवढंच म्हणाले.

मला गरम दूध, तूप, वेळेवर भरपेट जेवण मिळालं. आयुर्वेदाबद्दलचा माझा आदर रोज वाढत होता. दाजींना भाजलेले चणे, सुकं, हलकं, आणि तूप वर्ज्य. आठवड्याभरात ते दुकानात येरझारा घालायला लागले. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता रस्त्यावर जाऊन परत येत. एक स्प्रिंग उडाली ती सापडलीच नाही.

"अहो, बसा की जरा!" ताई म्हणायची.

"बसलोच आहे."

"कुठे? दारात?"

मग माझ्याकडे वळायची. "आणि तू ऊठ! खुर्ची रडतेय."

तीन आठवड्यांनी वैद्यांनी आधी माझं पोट पाहिलं, मग दाजींचा हात, मग दोघांचे कागद. त्या दिवशी ते पहिल्यांदाच सलग बोलले. दाजींची प्रकृती वाताची. चंचल, कोरडी. तिला ऊब हवी, स्निग्ध हवं. कोरडं खाऊन वात आणखी भडकला. माझी कफाची, जड. ती तुपाने आणखी जड झाली. "कागद कोणी वाटले?" त्यांनी विचारलं. मी छताकडे पाहिलं.

महिना संपायला नऊ दिवस होते. जिना उतरताना दाजी दोन पायऱ्या खाली जात, एक वर येत, पुन्हा खाली. शेवटी मलाच राहवेना.

"दाजी, चुकलो. कानाखाली द्या एक, पण बोला हो काहीतरी!"

त्यांनी उजवा हात उचलला, त्याची थरथर पाहिली आणि खिशात घातला.

"आधी हात थांबू दे, मग नेम धरून देतो."